कपाटामागची दोन इंचांची फट

गणपती गेले, पितृपक्ष लागला की गावोगावी ‘दसरा काढायची’ घाई सुरू होते. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं, गोधड्या ओढ्यावर किंवा विहिरीवर जातात, माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, कोपऱ्यांतली जळमटं निघतात. शहरातल्या फ्लॅटला ओढा नसतो. पण गॅलरीत वाळत घातलेल्या सोलापुरी चादरी आणि गच्चीवर उन्हात टाकलेल्या गाद्या पाहिल्या की तिथेही तेच चाललंय हे कळतं. पावसाळ्यात घरात मुरलेली ओल आश्विनाच्या उन्हात बाहेर काढायची, हा या रिवाजामागचा रोकडा व्यवहार. आरोग्याच्या दृष्टीने तो अगदी शहाणपणाचा आहे.

या मोहिमेतून एक जागा मात्र बहुतेक घरांत दरवर्षी सुटते. बेडरूममधल्या चारदारी वॉर्डरोबच्या मागची, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधली, बॉक्सच्या पलंगाखालची आणि त्याच्या डोक्याकडच्या फळीमागची. कारण साधं आहे, ते धूड हलत नाही. लग्नात आलेलं कपाट एकदा कोपऱ्यात बसलं की घर बदलेपर्यंत तिथेच असतं. मग कधी तरी रंगकाम निघतं, चौघं मिळून ते पुढे ओढतात, आणि मागे काय काय सापडतं! लोकरीसारखा धुळीचा करडा थर, मुलाचा हरवलेला कंपास, झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या, पालीच्या लेंड्या आणि भिंतीवर काळपट-हिरवट ठिपक्यांची नक्षी.

हे सगळं डोळ्याआड असतं, पण नाकाआड नसतं. आपण दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याच खोलीत, त्या कपाटापासून चार-पाच फुटांवर डोकं ठेवून काढतो. रात्री दोन वाजता खोकत उठणारं मूल, सकाळी डोळे उघडताच लागोपाठ दहा शिंका देणारे आजोबा, यांचं खापर आपण ‘हवा बदलली’ यावर फोडून मोकळे होतो. हवा बदललेली असतेच, पण कधी कधी ती बेडरूमच्या आतली असते.

आठ पायांचा भाडेकरू

बेडरूममधली धूळ ही रस्त्यावरच्या धुळीसारखी नसते. तिच्यात माती असतेच, शिवाय कपड्यांचे तंतू, कापसाचा भुगा, बुरशीचे बीजाणू, झुरळांच्या अंगाचे तुकडे आणि आपल्याच त्वचेचे झडलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. या पापुद्र्यांवर जगणारा एक जीव या धुळीत असतो. डस्ट माइट हे त्याचं नाव. कोळ्याच्या गणगोतातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. तो चावत नाही, रक्त पीत नाही, कुठलाही रोग वाहून आणत नाही. त्याचा उपद्रव त्याच्या विष्ठेचा आहे.

घरातली धूळ दम्याला कारण होते, हे वैद्यांना आणि डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं. पण धुळीतलं नेमकं काय, हे कळत नव्हतं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे फूरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी १९६४च्या सुमारास बोट ठेवलं ते या माइटवर. ओलसर घरांतल्या धुळीने रुग्णांना जास्त त्रास होतो, हा धागा त्यांना तिथवर घेऊन गेला. पुढे १९८१ मध्ये टोवी, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी दाखवून दिलं, की ॲलर्जी आणणारं प्रथिन मुख्यतः माइटच्या विष्ठेच्या गोळ्यांमध्ये असतं. हे प्रथिन मुळात त्याच्या पोटातलं पाचक द्रव्य. प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम, आणि ते आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर पडलं तरी तेच काम करतं. अस्तराच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे टाके उसवतं. ज्यांची प्रकृती ॲलर्जीची आहे त्यांच्या शरीरात मग शिंका, नाक वाहणं, श्वासनलिका आकसणं हे सगळं ओघाने येतं. माइट मेला तरी हे प्रथिन तसंच राहतं. त्यामुळे कीटकनाशक मारून माइट संपवले, असं समाधान फारसं उपयोगाचं नाही. धूळ तिथून उचलली गेली पाहिजे.

या भाडेकरूची मोठी अडचण पाण्याची. तो पाणी पीत नाही. हवेतली वाफ अंगातल्या ग्रंथींच्या क्षारांमध्ये शोषून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, की तो सुकून मरतो. मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे त्याची चंगळच. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांनी ‘आमच्याकडे कोरडी हवा’ म्हणून निर्धास्त राहू नये. मे महिन्यात बंद खोलीत रात्रभर चालणारा डेझर्ट कूलर ती उणीव भरून काढतो.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. माइटचं मुख्य बिऱ्हाड कपाटामागे नसतं; ते गादीत, उशीत आणि गोधडीत असतं, कारण अन्न आणि ऊब तिथे आहे. कपाटामागे असतो तो साठा. वर्षानुवर्षं खाली बसलेली ती धूळ शांत पडून असते तोवर फारशी नाकात जात नाही. आपण केरसुणी घालून ती उठवतो, वर पंखा फुल्ल करतो, तेव्हा ती जाते. साफसफाईच्या त्याच आठवड्यात घरातल्या दमेकऱ्याला धाप लागते, त्याचं गुपित हेच.

भिंतीची थंडाई

बुरशीचं प्रकरण वेगळं आहे. तिचं खरं बिऱ्हाड कपाटामागेच असतं.

बुरशी धरायला भिंतीवर पाण्याचे ओघळ यावे लागतात, असा समज आहे. तसं नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी बुरशीचं भागतं. आता गंमत पाहा. खोलीतली हवा २८ अंश सेल्सिअसची आणि आर्द्रता ७० टक्के आहे असं समजू. तीच हवा अडीच अंशांनी गार असलेल्या भिंतीला टेकली, की तिथली आर्द्रता होते सुमारे ८१ टक्के. हवेत वाफ तेवढीच. पण गार हवेची वाफ सामावण्याची ताकद कमी, म्हणून टक्का चढतो. मोकळ्या भिंतीवर पंख्याचा वारा फिरत असतो, त्यामुळे ती गार राहत नाही आणि ओलीही राहत नाही. कपाट मागे टेकलं की तो वारा थांबतो. कपाट, आतल्या कपड्यांसकट, भिंतीवर पांघरूण घातल्यासारखं उभं राहतं. खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोहोचत नाही, ओल मात्र पोहोचते.

त्यात ती भिंत बाहेरची असेल आणि नैऋत्येकडचा पाऊस थेट झोडपत असेल, तर बघायलाच नको. प्लास्टर बाहेरून पाणी पितं, आतून कपाटाच्या पाठीचा प्लाय ते पितो, आणि आतल्या रेशमी साड्यांना तो ओळखीचा कुबट वास येतो. हा वास म्हणजे वाढत्या बुरशीने हवेत सोडलेले वायू. अत्तर, धूप किंवा डांबरगोळ्यांनी तो झाकता येतो एवढंच. हल्ली एक नवा प्रकारही दिसतो. शेजारच्या खोलीत रात्रभर एसी चालतो, मधली भिंत गार पडते, आणि अलीकडच्या बिनएसीच्या खोलीत त्याच भिंतीला लावलेल्या कपाटामागे बुरशी धरते. प्लंबर पाइप तपासून थकतो, गळती सापडत नाही. सापडणार कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बुरशीची अमुक एवढी मात्रा सुरक्षित, असा आकडा मात्र त्यात नाही. सांगणं इतकंच की, ओल थांबवा.

तेव्हा पहिला उपाय साफसफाईचा नाहीच, जागेचा आहे. जड कपाट शक्यतो आतल्या, म्हणजे दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावावं. बाहेरच्या भिंतीला लावणं भाग असेल, तर मागे निदान दोन इंच मोकळे सोडावेत, आणि ते तळापासून माथ्यापर्यंत मोकळे असावेत, म्हणजे हवा खालून वर फिरते. भिंतीत बसवलेलं फर्निचर करून घेणार असाल, तर सुताराशी हे आधीच बोलून घ्या. माझ्या मते सगळ्यात वाईट ती अर्ध्या इंचाची फट. तिच्यातून धूळ आत जाते, झुरळ आत जातं, पण हात जात नाही आणि हवाही जात नाही. फट एकतर नीट बुजवलेली असावी, नाही तर हात शिरेल एवढी असावी.

अंधारात बसलेले बाकीचे

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो हे आता सर्वांना माहीत आहे. तो चावत नसतो तेव्हा कुठे असतो, याचा विचार आपण करत नाही. तो बहुतांशी घरातच असतो. पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीला लटकलेल्या गडद कपड्यांच्या घड्यांमध्ये, जिथे अंधार आणि दमट गारवा आहे तिथे. रस्त्यावरून जाणाऱ्या धुराच्या गाडीचा धूर तिथवर पोहोचत नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला पाण्याची भांडी कोरडी करण्याबरोबर पलंगाखाली आणि कपाटामागे एकदा ओला मॉप फिरवणं, म्हणजे या डासाला उठवणं आणि त्याची बसायची जागा मोडणं.

ढेकूण पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे, स्क्रूच्या खाचांत आणि सांध्यांत असतात. काळ्या शाईचे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा समजावी. झुरळांची विष्ठा आणि अंगाचा चुरा हेही दम्याचं ठळक कारण आहे, विशेषतः दाटीवाटीच्या शहरी वस्त्यांमधल्या मुलांमध्ये.

आणि कोकणात, किंवा कुठेही जुन्या कौलारू घरात, कपाटामागे आंधळेपणाने हात घालू नये. लाल विंचवाला अशाच जागा आवडतात. त्याच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसं दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्या मृत्यूंना आळा घातला. औषध आहे, ते आता ठिकठिकाणी पोहोचलंही आहे. पण आधी मोबाइलचा टॉर्च आणि काठी, मग हात, हा क्रम त्याहून स्वस्त पडतो.

न हलवता

दरवेळी कपाट ओढायची गरज नसते. लाकडी फूटपट्टी, पडद्याचा जुना गज किंवा बांबूची काठी घ्या, तिच्यावर जुना मोजा किंवा सुती कापड ओढून रबराने घट्ट करा, पाण्यात बुडवून पिळून घ्या. ओलं हवं, निथळतं नको. प्लायच्या पाठीला पाणी लागलं तर आपणच ओल आणली असं होईल. वरून खाली आणि आतून बाहेर, आपल्याकडे ओढत पुसायचं. भिंतीच्या दिशेने ढकललं की सगळा केर कोपऱ्यात दाबून बसतो. दोन-तीनदा मोजा धुऊन पुन्हा फिरवला की कळतं, किती निघतंय. मागे विजेचा प्लग किंवा उघडी वायर असेल, तर आधी मेन स्विच बंद, आणि तिथे ओलं कापड अजिबात नाही.

कोरडी केरसुणी, कुंचा किंवा पिसांचा झाडू या कामाला वापरू नये. त्याने धूळ जात नाही, फक्त जागा बदलते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर चपटं, लांब तोंड लावून वापरा. पण त्याला हेपा दर्जाचा फिल्टर आहे का ते बघा. साध्या पिशवीच्या यंत्रातून बारीक कण मागच्या बाजूने खोलीतच परत येतात. यंत्राची हवा उलटी सोडून फटीतली धूळ बाहेर उडवायची युक्ती काही जण करतात. बेडरूममध्ये ती करू नये.

हलवायचं ठरलं तर

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कपाट हलवावंच. पण भरलेलं नाही. आधी वरचे खण रिकामे करा, मग खालचे. उलटं केलं तर वजन वर राहतं आणि कपाट पुढे झुकायला वेळ लागत नाही. आरसा लावलेलं दार मुळातच पुढे जड असतं. दारं कुलूप लावून किंवा दोरीने बांधून बंद ठेवा, लहान मुलांना खोलीबाहेर काढा. एकेक कोपरा जरासा उचलून पायांखाली जुनी सतरंजी किंवा घोंगडी सरकवा. गुळगुळीत टाइल्सवर मग ते जड धूडही सरकतं. वरून ओढायचं नाही, कमरेच्या खाली दोन्ही हात टेकवून, पायांच्या जोराने, दोघांनी ढकलायचं. कंबरेत वाकून आणि त्याच वेळी वळून जोर लावला की पाठीच्या मणक्यांमधल्या चकतीवर सगळ्यात वाईट ताण येतो. दिवाळीच्या तोंडावर अंथरुणाला खिळायचे हेच मार्ग असतात. हायड्रॉलिक पलंगाची फळी वर उचलल्यावर फक्त तिच्या दांड्यांच्या भरवशावर खाली डोकं घालू नका. मजबूत लाकडाचा टेकू द्या.

मागची भिंत दिसली की घाई होते ती कोरड्या ब्रशने बुरशी खरवडायची. तेवढं टाळा, कारण त्याने लाखो बीजाणू हवेत उडतात. पंखा बंद, खिडकी उघडी, दार लावलेलं, नाका-तोंडावर एन-९५ मास्क आणि हातांत मोजे. डाग आधी साबणाच्या पाण्याने ओला करायचा, मग पुसायचा, आणि ते कापड पिशवीत बांधून टाकून द्यायचं. तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागेल, आणि तो गवंड्याचा विषय. ओल तशीच ठेवून वर रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीला फासणं. ब्लीच वापरायचं असेल तर एकटंच वापरा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो फुप्फुसं भाजून काढतो.

फवाऱ्यांच्या बाबतीत हात आखडताच बरा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपात सहा हजारांहून अधिक जणांच्या फुप्फुसांची ताकद सुमारे वीस वर्षं मोजली गेली. घरची किंवा दुसऱ्यांकडची साफसफाई करणाऱ्या स्त्रियांमध्ये ती अधिक वेगाने घटल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. रोजच्या धूळपुसणीला पाणी आणि चांगलं कापड पुरे आहे, असं त्या संशोधकांचंही म्हणणं होतं. आपल्याकडे हे काम बहुधा घरातली बाई करते किंवा कामाला येणाऱ्या मावशी करतात. मालकांना मास्क आणि मावशींना पदर, असं होऊ नये. दिवसाला चार घरांचा दसरा त्यांच्याच नाकात जातो.

घरात दमेकरी असेल तर त्याने हे काम करू नये आणि त्या वेळी खोलीत थांबू नये. माइटच्या विष्ठेचे कण तुलनेने जड असतात, अर्ध्या तासात खाली बसतात. बारीक धूळ आणि बीजाणू जास्त वेळ तरंगतात. दोन तास खिडक्या उघड्या ठेवून, जमीन पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसून मग त्याला आत येऊ द्यावं.

पलंगाच्या पोटातलं

बॉक्सच्या पलंगात आपण काय भरतो? हिवाळ्याच्या रजया, पाहुण्यांच्या गाद्या, बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं आणि वर मूठभर डांबरगोळ्या. या गोळ्यांत नॅफ्थॅलिन असतं. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळलं, तर नुसत्या वाफेने त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये; धुऊन, कडक वाळवून, बंद पिशवीत ठेवलेले कपडे कसरीपासून सुरक्षित राहतात.

चादरी आणि उशांचे अभ्रे ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर माइट मरतात. गाद्या कडक उन्हात टाकायची आजीची पद्धत खरी आहे, पण अर्धीच. उन्हाने माइट सुकतात, प्रथिन राहतं. म्हणून ऊन दाखवल्यावर गादी गच्चीवरच काठीने झोडपायची, खोलीत आणून नव्हे.

एवढं सगळं केल्यावर इनहेलर बंद करता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना हमखास विचारला जातो. उत्तर, नाही. माइट कमी करण्याच्या उपायांवरच्या ५४ चाचण्यांचा २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने एकत्र आढावा घेतला, तेव्हा केवळ या उपायांनी दमा सुधारल्याचं दिसलं नाही. साफसफाईने चिथावणी कमी होते. आकसलेल्या श्वासनलिकेतली सूज औषधाने उतरते. सफाईच्या आठवड्यात तर रोजचा डोस अजिबात चुकवू नये आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप हाताशी ठेवावा.

आता कपाट परत जागेवर ढकलण्याआधी अर्ध्या तासाचं एक काम राहिलं. मागची भिंत पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि सुताराकडून दोन इंच जाडीचे लाकडी ठोकळे आणून कपाटाच्या पाठीला, वर दोन आणि खाली दोन, स्क्रूने बसवून घ्या. मग कोणी कितीही ढकललं तरी कपाट भिंतीला चिकटत नाही, आणि मोजा ओढलेली काठी वर्षभर मागे फिरत राहते.